एक जागा की अनेक? मतदानाची पद्धत ठरवण्यापूर्वी

आमच्या गावच्या वाचनालयाने घटनादुरुस्तीसाठी पाच जणांची समिती नेमली आणि कार्यकारिणीच्या निवडणुकीची पद्धत बदलावी का, हा विषय माझ्याकडे सोपवला, तेव्हा पंधरा दिवसांत टिपण लिहून होईल असे मला वाटले होते. प्रत्यक्षात आठ महिने गेले. दुखणे जुने आणि सर्वांना ठाऊक असलेले होते. जे पॅनेल थोड्याशा मतांनी पुढे असते ते कार्यकारिणीच्या सगळ्याच्या सगळ्या जागा घेऊन जाते, आणि उरलेल्या जवळजवळ निम्म्या सभासदांच्या वाट्याला वार्षिक सभेत उभे राहून तक्रार करण्यापलीकडे काही येत नाही. उपाय मात्र एक नव्हता. जगात निरनिराळ्या पद्धती चालू आहेत, त्यांतल्या काही आपल्याच राज्यघटनेत आहेत, आणि प्रत्येकीचे समर्थक आपलीच पद्धत न्याय्य असे सांगतात. ज्यांना एखाद्या संस्थेसाठी असा निर्णय घ्यायचा आहे, किंवा विधानसभा-लोकसभेच्या निवडणूक पद्धतीबद्दल स्वतःचे मत बनवायचे आहे, त्यांच्यासाठी हा आढावा आहे.

एक गोष्ट आरंभीच सांगतो, कारण ती कळायला मला सर्वांत जास्त वेळ लागला. मतपत्रिकेवर एक शिक्का मारायचा, अंक लिहायचे की अनेक नावांपुढे खुणा करायच्या, यावर लोक तासन्‌तास वाद घालतात. न्याय्यतेच्या दृष्टीने त्याहून मोठा प्रश्न एका ठिकाणाहून किती जण निवडायचे, हा आहे. अध्यक्ष एकच असतो. तिथे कोणत्याही पद्धतीने एकच गट जिंकणार, आणि पद्धतीने एवढेच पाहायचे की जिंकणारा बहुतेकांना चालणारा असावा. समिती, सभागृह, कार्यकारिणी यांचा हेतू निराळा आहे. तिथे मतदारांतले वेगवेगळे प्रवाह दिसायला हवेत, आणि एकेका जागेची कितीही उत्तम निवडणूक घेतली तरी ते साधत नाही. म्हणून पुढची तुलना मी दोन भागांत केली आहे.

आजची पद्धत काय करते

ज्याला सर्वाधिक मते तो विजयी, ही आपली परिचित पद्धत, जिला इंग्रजीतल्या नावाने फर्स्ट पास्ट द पोस्ट म्हणतात. तिचे गुण खरे आहेत. ती निरक्षर माणसालाही एका वाक्यात समजते, मोजणी त्याच दिवशी संपते, आणि आपला आमदार कोण हे प्रत्येकाला ठाऊक असते. दोष दिसतो तो सर्व जागांची बेरीज केल्यावर. २०२४ च्या महाराष्ट्र विधानसभा निवडणुकीत काँग्रेस आणि शिवसेना (शिंदे) या दोन्ही पक्षांना सुमारे १२.४ टक्के मते मिळाली. जागा मात्र काँग्रेसला १६ आणि शिवसेनेला ५७. राष्ट्रवादीच्या शरद पवार गटाला सुमारे ११.३ टक्के मतांवर १० जागा, तर अजित पवार गटाला सुमारे ९ टक्के मतांवर ४१ जागा. प्रत्येक पक्षाने लढवलेल्या जागांची संख्या वेगळी होती, त्यामुळे ही टक्केवारी शेजारी शेजारी ठेवताना थोडे जपूनच बोलावे लागते. तरीही जास्त मतांना कमी जागा मिळण्याचे कारण तेवढ्याने संपत नाही. मते कुठे पडली, यावर या पद्धतीत सर्व काही ठरते.

हे कोणत्या एका आघाडीच्या बाजूचे किंवा विरोधाचे म्हणणे नव्हे. ब्रिटनमध्ये २०२४ मध्ये मजूर पक्षाने ३३.७ टक्के मतांवर ६५० पैकी ४११ जागा जिंकल्या, आणि रिफॉर्म यूके या पक्षाला १४.३ टक्के मतांवर पाचच जागा मिळाल्या, तर त्यापेक्षा कमी, म्हणजे १२.२ टक्के मते मिळवणाऱ्या लिबरल डेमोक्रॅट पक्षाला ७२. पद्धत डावे-उजवे पाहत नाही. एका जागी एकवटलेली मते तिला आवडतात आणि विखुरलेली मते ती टाकून देते.

दुसरा दोष मतविभागणीचा. एकाच विचाराचे दोन उमेदवार उभे राहिले की तिसऱ्याचा फायदा होतो, आणि म्हणून मते खाण्यासाठी डमी उमेदवार उभे करणे, सारख्या नावाचा माणूस शोधून आणणे, बंडखोराची रात्रभर मनधरणी करणे, हे सर्व उद्योग आपल्याकडे प्रचाराचाच भाग झाले आहेत. मुंबई उत्तर पश्चिम मतदारसंघात २०२४ ची लोकसभा निवडणूक ४८ मतांनी ठरली. एवढ्या फरकात तिसऱ्या-चौथ्या उमेदवाराची दोन-चारशे मतेही निकाल फिरवू शकतात.

एकच पद असेल तर

अध्यक्ष, सरपंच, महापौर, राष्ट्रपती अशा एका पदासाठी तीन पर्याय गांभीर्याने विचारात घेण्यासारखे आहेत.

दोन फेऱ्यांची पद्धत सर्वांत सोपी. पहिल्या फेरीत कोणालाही निम्म्याहून अधिक मते नसतील, तर पहिल्या दोघांत पुन्हा मतदान. खर्च दुप्पट होतो, आणि पहिल्या फेरीतली मतविभागणी तशीच राहते. फ्रान्समध्ये २००२ साली १६ उमेदवार होते. डाव्यांची मते इतकी विभागली गेली की पंतप्रधान लिओनेल जोस्पाँ १६.१८ टक्क्यांवर अडकले आणि १६.८६ टक्क्यांवरचे ज्याँ-मारी ल पेन दुसऱ्या फेरीत गेले. तिथे जाक शिराक यांनी ८२ टक्के मते घेऊन त्यांचा पराभव केला. म्हणजे अंतिम निवड सुरक्षित राहिली, परंतु मतदारांसमोरची निवड मात्र चुकीची ठेवली गेली.

दुसरा पर्याय पसंतीक्रमाचा. मतदार १, २, ३ असे क्रम लिहितो. कोणालाच निम्म्याहून अधिक पहिली पसंती नसेल, तर शेवटच्या क्रमांकाचा उमेदवार बाद होतो आणि त्याच्या मतपत्रिका पुढच्या पसंतीप्रमाणे वाटल्या जातात. ही पद्धत परकी नाही. आपल्या राष्ट्रपतींची निवड याच मोजणीने होते, आणि तिचा एक प्रसंग मराठी वाचकाने आवर्जून माहीत करून घ्यावा असा आहे. १९६९ साली व्ही. व्ही. गिरी, नीलम संजीव रेड्डी आणि चिंतामणराव देशमुख असे तीन प्रमुख उमेदवार होते. संयुक्त महाराष्ट्राच्या प्रश्नावर केंद्रीय अर्थमंत्रिपदाचा राजीनामा देणारे हेच चिंतामणराव. राष्ट्रपतींच्या निवडणुकीत खासदार-आमदारांच्या प्रत्येक मताला ठरावीक मूल्य असते; पहिल्या पसंतीच्या या मतमूल्यांत गिरींना ४,०१,५१५, रेड्डींना ३,१३,५४८ आणि देशमुखांना १,१२,७६९ मिळाली. विजयाचा कोटा, म्हणजे निवडून येण्यासाठी लागणारे मतमूल्य, होता ४,१८,१६९, आणि तो कोणीच गाठला नव्हता. उमेदवार बाद होत गेले, देशमुखांच्या मतपत्रिकांवरची दुसरी पसंती मोजली गेली आणि त्यांतली बहुसंख्य मते रेड्डींकडे वळली. अखेर गिरी ४,२०,०७७ विरुद्ध ४,०५,४२७ असे निवडून आले. ८८ हजारांची आघाडी १५ हजारांच्या आत आली. देशमुखांना मत देणाऱ्यांचे मत वाया गेले नाही. अंतिम सामन्यातही त्यांचे म्हणणे मोजले गेले. भारताच्या राष्ट्रपतिपदाची दुसऱ्या पसंतीपर्यंत गेलेली ही एकमेव निवडणूक आहे.

पसंतीक्रमाने निकाल कसा बदलतो, याचे उदाहरण आयर्लंडमध्ये १९९० साली मिळाले. पहिल्या पसंतीत ब्रायन लेनिहान ४४ टक्क्यांवर होते आणि मेरी रॉबिन्सन सुमारे ३९ टक्क्यांवर; तिसऱ्या उमेदवाराच्या दुसऱ्या पसंतीवर रॉबिन्सन पुढे गेल्या आणि त्या देशाच्या पहिल्या महिला राष्ट्राध्यक्ष झाल्या.

मात्र या पद्धतीत एक खोल उणीव आहे आणि तिचे समर्थक ती सहसा सांगत नाहीत. सर्वांना बऱ्यापैकी चालणारा, पण कमी जणांचा पहिला आवडता, असा मधला उमेदवार लवकर बाद होतो. अलास्कात ऑगस्ट २०२२ च्या पोटनिवडणुकीत मेरी पेल्टोला सुमारे ४० टक्के, सारा पेलिन ३१ आणि निक बेगिच २८ टक्क्यांवर होते. बेगिच बाद झाले आणि पेल्टोला जिंकल्या. नंतर मतपत्रिकांच्या नोंदी तपासल्यावर दिसले की बेगिच विरुद्ध पेल्टोला आणि बेगिच विरुद्ध पेलिन अशी समोरासमोर तुलना केली असती, तर दोन्ही वेळा बेगिच पुढे असते. अशी समोरासमोर तुलना करूनच विजेता ठरवणाऱ्या पद्धतीही आहेत, आणि डेबियन या संगणक प्रकल्पाचे स्वयंसेवक आपला नेता तशाच पद्धतीने निवडतात; पण तिथे मोजणीला संगणक लागतो आणि हरलेल्या उमेदवाराला निकाल फळ्यावर समजावून देणे कठीण जाते. गावातल्या संस्थेला मी ती सुचवणार नाही.

शेजारच्या श्रीलंकेतून निराळा धडा मिळतो. तिथे राष्ट्राध्यक्षपदासाठी तीन पसंती देता येतात, आणि सप्टेंबर २०२४ मध्ये, अनुरा कुमारा दिसानायके ४२.३१ टक्के आणि सजित प्रेमदास ३२.७६ टक्क्यांवर असताना, इतिहासात प्रथमच दुसरी मोजणी करावी लागली. बाद झालेल्या उमेदवारांच्या मतपत्रिकांपैकी फारच थोड्या पुढे सरकल्या, कारण बहुतेकांनी एकच पसंती नोंदवली होती. म्हणजे अधिकार कायद्यात दिला तरी तो वापरायची सवय आपोआप लागत नाही.

तिसरा पर्याय मान्यता मतदानाचा. जितके उमेदवार चालतील तितक्यांच्या नावापुढे खूण करायची; सर्वाधिक खुणा ज्याला, तो विजयी. मतपत्रिका आणि मोजणी आजच्याइतकीच सोपी राहते, बाद मते जवळजवळ नाहीशी होतात आणि मतविभागणीची भीती बरीच कमी होते, कारण दोन सारख्या उमेदवारांना एकाच वेळी मत देता येते. अमेरिकेत फार्गो शहराने २०१८ मध्ये आणि सेंट लुईसने २०२० मध्ये ही पद्धत स्वीकारली. फार्गोची पद्धत मात्र २०२५ मध्ये राज्याच्या कायद्याने बंद करण्यात आली. उणीव अशी की आवडता आणि चालण्यासारखा यांतला फरक मतदाराला दाखवता येत नाही. दुसऱ्याला खूण केली तर आपलाच पहिला हरेल, या धास्तीने अनेक जण एकच खूण करतात, आणि मग आपण फिरून जुन्याच पद्धतीपाशी येतो.

या तिघांत निवड कशी करायची? मतदार पाचशेच्या आत, उमेदवार तीन-चार आणि वातावरण फार तापलेले नसेल, तर मी मान्यता मतदान निवडेन. संस्थेचे काम बिनबोभाट चालावे एवढाच हेतू असतो आणि तो त्याने साधतो. स्पर्धा खरोखर चुरशीची असेल, गट ठाम असतील आणि हरणाऱ्यालाही निकाल मान्य व्हावा असे वाटत असेल, तर पसंतीक्रम बरा, कारण अंतिम आकडा दोघांतल्या थेट बहुमताचा असतो. दोन फेऱ्या तेव्हाच, जेव्हा पुन्हा मतदार गोळा करणे खर्चाच्या आणि वेळेच्या दृष्टीने शक्य असेल.

अनेक जागा असतील तर

इथे आपल्याकडे सर्वत्र रूढ असलेली रीत सर्वांत अन्याय्य आहे, असे माझे स्पष्ट मत झाले आहे. जितक्या जागा तितकी मते, असा नियम असला की मतदार पॅनेल टू पॅनेल मतदान करतात, आणि ५५ टक्क्यांचा गट १०० टक्के जागा घेतो. मुंबई वगळता आपल्या महानगरपालिकांच्या प्रभाग पद्धतीतही हेच घडते. एका प्रभागात साधारणतः चार जागा असल्या, तरी अ, ब, क, ड अशा प्रत्येक जागेची लढत वेगळी असते आणि मतदार प्रत्येकीला वेगळे मत देतो. त्यामुळे प्रभागात सर्वांत मोठा असलेला पक्ष चारही जागा जिंकू शकतो. प्रभाग मोठा झाल्याने अपक्षाचा प्रचाराचा खर्च वाढतो, पण प्रतिनिधित्वात काही भर पडत नाही. जागा अनेक करूनही मोजणी जुनीच ठेवली, तर दोन्हीकडून तोटा होतो.

याला पर्याय म्हणजे एकल संक्रमणीय मत, आणि आपल्या राज्यघटनेने राज्यसभा आणि विधान परिषदेसाठी तोच निवडला आहे. मतदाराचे मत एकच. तो पसंतीचे क्रम देतो. वैध मतांना जागांपेक्षा एकने अधिक अशा संख्येने भागून जी संख्या येते, तिच्या लगेच वरचा आकडा म्हणजे कोटा. कोटा गाठणारा निवडून येतो, त्याची जास्तीची मते पुढच्या पसंतीकडे जातात, आणि कोणीच कोटा गाठत नसेल तेव्हा तळाचा उमेदवार बाद होऊन त्याची मते पुढे सरकतात.

हे कागदावर कोरडे वाटते. म्हणून १० जून २०२२ ची महाराष्ट्रातली राज्यसभा निवडणूक जवळून पाहू. सहा जागांसाठी सात उमेदवार होते आणि वैध मते २८४. प्रत्येक मताचे मूल्य १०० धरले जाते, म्हणजे एकूण २८,४००. त्याला सातने भागून एक मिळवला की कोटा होतो ४,०५८, म्हणजे मतांच्या भाषेत ४१ ला किंचित कमी. पहिल्या पसंतीची मते अशी पडली : पीयूष गोयल ४८, अनिल बोंडे ४८, इम्रान प्रतापगढी ४४, प्रफुल्ल पटेल ४३, संजय राऊत ४१, संजय पवार ३३, धनंजय महाडिक २७. पहिले पाच कोटा ओलांडून निवडून आले. सहाव्या जागेसाठी ३३ विरुद्ध २७ असा सामना होता, आणि पडली ती ३३ ची बाजू. भाजपने गोयल आणि बोंडे यांना प्रत्येकी ४८ मते देऊन त्यांच्या मतपत्रिकांवर दुसरी पसंती महाडिकांना द्यायला सांगितले होते. दोघांची प्रत्येकी सातांहून अधिक जास्तीची मते महाडिकांकडे गेली आणि ते ४१ च्या वर पोहोचले. संजय पवारांकडे त्यांच्या महाविकास आघाडीच्या उमेदवारांची जास्तीची मते आली, पण ती थोडीच होती. त्या रात्री टीव्हीसमोर बसलेल्या अनेकांना हा निकाल अन्याय वाटला. मला तो तसा वाटत नाही, कारण गोयल आणि बोंडे यांची गरजेपेक्षा जास्त मते देणाऱ्या आमदारांचेही काही म्हणणे होते आणि पद्धतीने ते मोजले. मात्र त्या रात्रीचे राजकारण आणि पद्धत या दोन गोष्टी वेगळ्या ठेवायला हव्यात. २८४ सुशिक्षित, पक्षादेश पाळणारे मतदार असताना गणित आधीच मांडता येते. हजारो सामान्य मतदार असले की असे गणित बसवणे फार अवघड होते, आणि तिथेच ही पद्धत सर्वांत प्रामाणिकपणे चालते.

आयर्लंडमध्ये ती १९२२ पासून आहे. तीन ते पाच जागांचे ४३ मतदारसंघ आणि १७४ सदस्य, असे तिथल्या सभागृहाचे आजचे रूप आहे. सत्ताधाऱ्यांनी ती रद्द करण्यासाठी १९५९ आणि १९६८ साली जनमत घेतले आणि दोन्ही वेळा जनतेने नकार दिला. ज्या मतदारांनी ती वापरली त्यांनीच ती राखली, हे मला तिच्या बाजूचे सर्वांत मोठे प्रमाणपत्र वाटते. मोजणी मात्र काही वेळा कित्येक दिवस चालते. शिवाय प्रमाण अगदी काटेकोर येतेच असे नाही. माल्टात १९८१ साली एका पक्षाला निम्म्याहून अधिक मते आणि दुसऱ्याला ६५ पैकी ३४ जागा, असा विपरीत निकाल याच पद्धतीने लागला होता. तिथे पुढे दुरुस्ती करून बहुमत मिळवणाऱ्या पक्षाला जादा जागा देण्याची तरतूद झाली.

पक्षांच्या याद्यांना मत देण्याची पद्धत प्रमाणाच्या दृष्टीने सर्वांत अचूक आहे, पण संस्थांसाठी निरुपयोगी, कारण तिथे पक्ष नसतात आणि नसावेत. देशासाठीही शुद्ध यादी मला मान्य नाही. यादीत वरचा क्रमांक कोणाला, हे पक्षश्रेष्ठी ठरवतात आणि मतदाराला हक्काने जाब विचारायला आपला असा प्रतिनिधी उरत नाही. इस्रायलमध्ये सव्वातीन टक्क्यांचा उंबरठा, म्हणजे जागा मिळण्यासाठी पक्षाला लागणाऱ्या किमान मतांची अट, असूनही एप्रिल २०१९ ते नोव्हेंबर २०२२ या काळात पाच निवडणुका झाल्या.

राज्याच्या आणि देशाच्या सभागृहांसाठी मला मिश्र पद्धत अधिक पटते. मतदार दोन मते देतो, एक आपल्या मतदारसंघातल्या उमेदवाराला आणि दुसरे पक्षाला. मतदारसंघांतून आलेल्या जागा आणि पक्षाची टक्केवारी यांत जो फरक राहतो, तो यादीतल्या जागांनी भरून काढला जातो. न्यूझीलंडचा अनुभव आपल्याला जवळचा आहे, कारण तिथेही ब्रिटिशांनी दिलेली जुनी पद्धत होती. १९७८ आणि १९८१ अशा लागोपाठ दोन निवडणुकांत मजूर पक्षाला अधिक मते मिळूनही नॅशनल पक्षाला अधिक जागा मिळाल्या, आणि १९८१ मध्ये सोशल क्रेडिट पक्षाला २०.७ टक्के मतांवर ९२ पैकी दोन जागा. लोकांचा संताप साचला, १९८६ मध्ये शाही आयोगाने मिश्र पद्धत सुचवली, १९९३ च्या जनमतात ती ५३.९ टक्के मतांनी स्वीकारली गेली, आणि २०११ मध्ये पुन्हा विचारल्यावर लोकांनी ती कायम ठेवली. जर्मनीत याच पद्धतीमुळे सभागृह फुगत फुगत २०२१ मध्ये ७३६ सदस्यांवर गेले, तेव्हा ते ६३० वर आणण्यासाठी कायदा बदलावा लागला. परिणामी २०२५ मध्ये आपापल्या मतदारसंघात पहिल्या आलेल्या २३ उमेदवारांना जागा मिळाली नाही. त्याच निवडणुकीत ४.९८ टक्के मते मिळवलेला एक पक्ष पाच टक्क्यांचा उंबरठा न गाठल्याने पूर्ण बाहेर राहिला. उंबरठा नसेल तर सभागृहाचे तुकडे होतात, आणि असेल तर अशी लाखो मते वाया जातात. यातून सुटका नाही. उंबरठा किती ठेवायचा, एवढेच आपल्या हातात असते.

भारताच्या विधी आयोगाने १९९९ च्या १७० व्या अहवालात लोकसभेच्या जागा वाढवून त्या वाढीव जागा यादी पद्धतीने भराव्यात, अशी सूचना केली होती. त्यावर पुढे काही झाले नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते.

आक्षेप, ज्यांना उत्तर द्यावेच लागते

सर्वांत वजनदार आक्षेप डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा आहे. जानेवारी १९४९ मध्ये घटना समितीत मध्य प्रांत व वऱ्हाडचे सदस्य काझी सय्यद करीमुद्दीन यांनी बहुसदस्यीय मतदारसंघांची आणि प्रमाणशीर प्रतिनिधित्वाची दुरुस्ती मांडली, तेव्हा बाबासाहेबांनी तिला विरोध केला. मतदाराला निदान अंक वाचता-लिहिता आले पाहिजेत आणि देशातली साक्षरता पाहता ते शक्य नाही, असे एक कारण त्यांनी दिले. सभागृहाचे तुकडे होऊन सरकार अस्थिर होईल, हे दुसरे. पहिले कारण आज बरेच मागे पडले आहे. दुसरे अजूनही विचारात घ्यावे असे आहे, परंतु साध्या बहुमताच्या पद्धतीनेही आपल्याकडे आघाडी सरकारे आली, पक्ष फुटले आणि सरकारे पडली, हे महाराष्ट्राला नव्याने सांगायची गरज नाही.

साक्षरतेचा प्रश्न सवयीच्या रूपाने मात्र शिल्लक आहे. विधान परिषदेच्या पदवीधर मतदारसंघांत मतदार पदवीधारकच असतो, त्याला जांभळ्या रंगाचा खास पेन दिला जातो आणि फक्त अंक लिहायचा असतो. तरीही बाद मतांचा आकडा हजारांत जातो. कोणी अंकाऐवजी बरोबरची खूण करतो, कोणी सही करतो, कोणी दोघांपुढे १ लिहितो.

हे मी स्वतः पाहिले. निर्णयापूर्वी आम्ही वाचनालयाच्या सभागृहात पाच जागांसाठी चाचणी मतदान घेतले. ५० सभासद आले. टेबलावर मतपत्रिकांचे गठ्ठे रबर लावून मांडले, फळ्यावर खडूने नावे लिहिली आणि मोठ्याने वाचत मोजणी सुरू केली. दोन मतपत्रिकांवर पाच-पाच बरोबरच्या खुणा होत्या, दोन्ही ज्येष्ठ सभासदांच्या, ज्यांनी आयुष्यभर तसेच मतदान केले होते. त्या बाद करताना मला फार अवघड गेले. उरलेल्या ४८ मतांत कोटा नऊ आला. जुन्या रीतीने मोजले तेव्हा २८ जणांच्या गटाने पाचही जागा घेतल्या; पसंतीक्रमाने मोजले तेव्हा त्यांना तीन आणि २० जणांच्या गटाला दोन. मोजणीला पाऊण तास लागला. फळ्यावरचा तो तीन-दोन आकडा पाहून, वीस वर्षे हरणाऱ्या बाजूला असलेले एक गृहस्थ उठले आणि पुन्हा एकदा मोजून दाखवा म्हणाले. आम्ही मोजले, तोच आकडा आला.

प्रत्यक्ष बदल करायचा असेल तर

सर्वप्रथम तुमच्या हातात किती आहे ते पाहा. सहकारी गृहनिर्माण संस्था, पतसंस्था, साखर कारखाने यांच्या निवडणुका सहकार कायद्याच्या नियमांनुसार होतात आणि तिथे संस्थेला आपल्या मनाने पद्धत बदलता येत नाही. सार्वजनिक न्यास, मंडळे, वाचनालये, माजी विद्यार्थी संघ, परदेशातली महाराष्ट्र मंडळे यांना मात्र आपापल्या घटनेत तरतूद करता येते. महाराष्ट्रातल्या न्यासांना घटनादुरुस्ती सर्वसाधारण सभेत मंजूर करून धर्मादाय आयुक्त कार्यालयात रीतसर नोंदवावी लागते. दुरुस्ती निवडणुकीच्या तोंडावर आणू नये. निवडणूक दोन वर्षे दूर असते तेव्हा कोणाला फायदा होईल हे कोणालाच नक्की सांगता येत नाही, आणि तीच प्रामाणिक चर्चेची वेळ असते.

आमच्या समितीने कार्यकारिणीसाठी एकल संक्रमणीय मत आणि अध्यक्षपदासाठी मान्यता मतदान सुचवले. अकरा जागांऐवजी नऊ केल्या, म्हणजे कोटा साधारण दहाव्या हिश्श्याचा राहतो आणि मतपत्रिका आटोक्यात राहते. किमान दोन महिला सदस्यांची तरतूद आधीपासून होती. ती टिकवण्यासाठी निवडून आलेल्या आणि मोजणीत उरलेल्या मिळून दोनच महिला शिल्लक राहिल्या, तर त्यापुढे महिला उमेदवाराला बाद करायचे नाही, असा नियम घातला. सर्व नावांना क्रम देण्याची सक्ती ठेवली नाही. ऑस्ट्रेलियात लोकसभागृहासाठी ती आहे, पण एक अंक चुकला म्हणून संपूर्ण मत बाद करणे आम्हाला पटले नाही. १ हा अंक एकाच नावापुढे स्पष्ट असला की मत वैध, आणि क्रम जिथे तुटतो तिथपर्यंत ते मोजले जाईल, असे शब्द आम्ही लिहिले. जास्तीची मते वाटताना अपूर्णांक दोन दशांश स्थळांपर्यंत धरायचे आणि तळाला बरोबरी झाल्यास आधीच्या फेरीत ज्याची मते कमी होती त्याला बाद करायचे, हेही लिहून ठेवले. अशी वाक्ये आधी लिहिलेली नसली की मोजणीच्या टेबलावरच भांडण सुरू होते.

एक कलम शेवटच्या बैठकीत सुचले. कोणी राजीनामा दिला किंवा कोणाचे निधन झाले, तर उरलेल्यांनी आपल्या मर्जीतला माणूस स्वीकृत म्हणून घ्यायचा, ही जुनी प्रथा. तसे झाले तर दोन जागा मिळवलेल्या लहान गटाची एक जागा एका राजीनाम्याने मोठ्या गटाकडे जाईल. म्हणून आम्ही ठरवले की रिकामी जागा, गेलेल्या सदस्याला निवडून देणाऱ्या मतपत्रिकांवरच्या पुढच्या पसंतीनुसार भरावी. त्यासाठी सर्व मतपत्रिका मोहोरबंद करून कार्यकारिणीची मुदत संपेपर्यंत वाचनालयाच्या कपाटात ठेवायच्या आहेत, आणि त्या कपाटाच्या दोन किल्ल्या दोन वेगवेगळ्या गटांतल्या सदस्यांकडे राहणार आहेत.